उत्खननातील मातीची चिलीम : ओळख आणि कालनिश्चिती

मागील उपघटकात आपण थर आणि खापरे यांचा संबंध अभ्यासला. त्याच दृष्टीने आता मातीच्या चिलमीकडे पाहू.

प्रथम ओळख. चिलमीचा तुकडा आणि झारीची तुटलेली तोटी यांत नवशिक्याची हमखास फसगत होते. तोटी भांड्याला जोडलेली असते. ती निखळली की जोडाच्या जागी वेडीवाकडी, खडबडीत कड राहते. चिलमीची दोन्ही टोके मात्र कुंभाराने घडवून पूर्ण केलेली असतात : वर रुंद तोंड, खाली निमुळते बूड, मधून आरपार छिद्र. काजळी शोधावी ती आतल्या बाजूस. बाहेरून काळा झालेला तुकडा चुलीवरच्या भांड्याचाही असू शकतो.

कालनिश्चिती याहून अवघड आहे. तंबाखू भारतात पोर्तुगिजांमार्फत आली. असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली, ती १६०४-०५च्या सुमारास. १६१७मध्ये जहांगिराने धूम्रपानावर बंदी घातली. (बंदीची गरज भासली, यातच प्रसाराचा वेग दिसतो.) तेव्हा तंबाखूच्या चिलमीला सोळाव्या शतकापूर्वीचा काळ देता येत नाही. परंतु चिलमीतून गांजाही ओढतात. केवळ आकारावरून तंबाखू सिद्ध होत नाही, हे विसरू नये.

इंग्लंडमधील पांढऱ्या मातीच्या लांब नळीच्या पाइपांसाठी हॅरिंग्टन यांनी १९५४मध्ये एक पद्धत मांडली. त्या नळ्यांचे छिद्र काळानुसार अरुंद होत गेले : १६२०–५०च्या नळ्यांत बहुधा ८/६४ इंच, तर १७५०–१८००च्या नळ्यांत ४/६४ इंच. हे कोष्टक आपल्या चिलमीला लावणे चूक ठरेल. तिला तशी लांब नळीच नसते आणि ती गावोगावचे कुंभार आपापल्या हाताने घडवीत.

म्हणून आपला आधार थर हाच. जुन्या नाशकातील गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळापासून मराठा काळापर्यंतच्या वस्तीचे पुरावे मिळाले. समजा, अशा टेकाडावर सातवाहनकालीन खापरांसोबत चिलीम आढळली. तेव्हा इतिहास बदलण्याची घाई न करता वरून खोदलेल्या खड्ड्याची कड शोधावी. रंगाने निराळी, भुसभुशीत माती ती दाखवते. चिलमीसोबत शिवराई मिळाली तरी जपून राहावे. शिवराई १६७४नंतरची असली, तरी तशी नाणी पुढे दीर्घकाळ पाडली व वापरली गेली. तिच्यावरून केवळ आधीची मर्यादा कळते.

आता इंदिरानगरातील एखाद्या इमारतीच्या पायाजवळ, बाहेरून आणलेल्या भरावात तशीच चिलीम मिळाली असे माना. वस्तू तीच, पण मातीचे मूळ स्थान हरवलेले. तिच्यावरून इंदिरानगरच्या वस्तीविषयी काहीही म्हणता येणार नाही. गढीच्या ढासळत्या कडेवरून कुतूहलाने उचललेल्या तुकड्याचीही हीच गत होते. तो जागीच राहू द्यावा, छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे.

स्वाध्याय : एकाच थरात चिलीम, काचेची बांगडी आणि शिवराई मिळाल्यास त्या थराची आधीची कालमर्यादा कोणत्या वस्तूवरून ठरवाल? कारणे द्या.