गाइड बाजूला ठेव

विश्रामबाग, सांगली

चि. मृण्मयीस,

काल दादाचा फोन आला. तू लघुप्रबंध गाइडवरून उरकते आहेस, 'ययाति' पुरती वाचलेलीसुद्धा नाहीस, असं त्याच्या कानावर आलंय. खरं का गं? 'ययाति'कार खांडेकर १८९८ साली याच सांगलीत जन्मले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यांच्यामुळे मिळालं. आपल्या कपाटात अण्णांच्या पेन्सिलखुणांची प्रत आहे, आणि तुला गाइड लागावं?

महाकाव्य आणि कादंबरी असा विषय घेतलास की दोन रकाने आखायचा मोह होतो. शुक्राचार्यांचा शाप दोन्हीकडे, पुरूचं तारुण्य दोन्हीकडे. बरं, पुढे? महाभारताच्या आदिपर्वातला ययाति मुलाचं तारुण्य हजार वर्षं भोगतो; खांडेकरांचा ययाति ते फार काळ जवळ ठेवत नाही. का, ते शोध. आदिपर्वात कच देवयानीशी शापाशापी करून निघून जातो. कादंबरीत तो शेवटच्या प्रसंगापर्यंत आहे. आणि शर्मिष्ठा! दासी झालेली ही राजकन्या कादंबरीत आपली कथा स्वतःच्या तोंडाने सांगते. १९५९ साली लेखकाला तिला बोलतं करावंसं वाटलं. तुझा प्रबंध साम्यांत नाही, इथे आहे. तिकडे जॉर्ज एलियटनेही 'मिडलमार्च'च्या सुरुवातीलाच विचारलंय की महाकाव्याच्या तोलामोलाचं मन घेऊन जन्मलेल्या बाईला तसं कार्यच लाभलं नाही, तर तिने काय करावं? हे गाइडमध्ये सापडायचं नाही.

मला एम.ए. करायचं होतं. फॉर्मही आणला होता. अण्णा अंथरुणाला खिळले आणि ते राहिलं ते राहिलंच. अजून विलिंग्डन कॉलेजवरून जाताना जीव तुटतो. म्हणून तू पुस्तक न उघडता पदवी घेणार म्हटल्यावर रात्रभर झोप नाही लागली.

फार बोलले. मेसचं जेवण तुला सोसत नाही, जागरणं चालू आहेत, हेही दादा म्हणाला. ते आधी विचारायला हवं होतं. पोरी, मुदत वाढवून माग. मार्गदर्शकांना खरं काय ते सांग. शनिवारच्या गाडीने इकडे ये. दुपारी तू वाच, मी ऐकते. दमलीस की मी वाचेन. लिहिणं राहिलं तरी चालेल, पण तब्येत सांभाळ आणि ये.

तुझी,
आत्या