बुजऱ्या पोरीची आई

अगं, आधी ते 'माझंच काहीतरी चुकलं' थांबव बघ. पाहुणे आले की पोरगी तुझ्या ओढणीत तोंड लपवते, बर्थडेला गेलं की मांडीवरून उतरत नाही. काही मुलं उपजतच बुजरी असतात गं, तुझ्या संस्कारांत खोट नाही. पण अशा मुलांना पुढे भीतीचा, काळजीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आत्ताच हात घालायचा.

सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठात रॉन रेपी यांच्या चमूने अशा बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी वर्ग घेतले. गंमत म्हणजे वर्गात मुलं नव्हतीच, बसवलं आईबाबांना! नव्वद-नव्वद मिनिटांच्या फक्त ६ बैठका. २००५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: वर्षभरानंतर या मुलांमध्ये चिंतेचे विकार, ज्यांच्या पालकांना काही शिकवलं नव्हतं त्यांच्या मुलांपेक्षा कमी होते. मुलींमध्ये तर फायदा पौगंडावस्थेपर्यंत दिसला.

तिथे शिकवलं काय? खरं सांगू का, मुख्य म्हणजे आपण मध्ये पडायचं कमी करणं. दुकानदार काका विचारतात, "नाव काय गं तुझं?" ती गप्प. लगेच तू, "लाजते हो ती," आणि नावही तूच सांगून मोकळी. तिला काय कळलं? काका घाबरण्यासारखेच आहेत आणि आई आहेच बोलायला. (मी हसत नाहीये हं. लेकाच्या वतीने बोलता बोलता दातांच्या डॉक्टरांपुढे 'आ'सुद्धा मीच केला होता.)

त्यापेक्षा पायऱ्या कर. आधी काकांच्या हातात पैसे तिने द्यायचे, बोलायचं नाही. त्याचा तिला कंटाळा आला की "बिस्किटं द्या" एवढंच. नाव सांगणं फार पुढे. काकांनी विचारलं की मनात दहा आकडे मोज, ओठ मिटून. जमलं की "पैसे तूच दिलेस हं" असं नेमकं सांग. नाही जमलं तर एक पायरी खाली, रागावणं नाही.

आणि हो, "गाणं म्हणून दाखव" म्हणणाऱ्या आत्याबाईंना आधीच फोन करून ठेव. ती तुझी पायरी नाही, थेट गच्ची आहे!

शाळेत महिनाभर तोंडातून शब्दच फुटला नाही, किंवा रोज सकाळी पोट दुखायला लागलं, तर मात्र घरगुती प्रयोगांवर थांबू नकोस. मुलांच्या डॉक्टरांना विचार, ते बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतील. सोबत बाबालाही ने.