बाबांची टपरी आणि प्लास्टिकचा नियम



बाभुळगावात माझ्या बाबांची चहाची टपरी आहे. मी तिसरीत असताना एक दिवस तपासणीचे पथक आले. टपरीत प्लास्टिकचे कप सापडले. बाबांना ५,००० रुपये दंड झाला. सोयाबीनच्या बियाण्यासाठी आईने डब्यात ठेवलेले पैसे त्यात गेले. त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत. मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, "हा नियम आहे तरी काय?" त्यांनी सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. तेच येथे देतो.

नियम काय आहे?

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी हा नियम काढला. एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे व थर्माकोलचे कप, पेले, ताटल्या, वाट्या, चमचे यांवर बंदी आली. सामान न्यायच्या प्लास्टिक पिशव्याही बंद झाल्या. २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये. तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून असे कप, ताटल्या, चमचे आणि स्ट्रॉ साऱ्या भारतात बंद झाले.

नियम का केला?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली. पाणी तुंबण्याच्या कारणांत नाल्यांत अडकलेल्या प्लास्टिक पिशव्याही होत्या. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने न कुजणाऱ्या कचऱ्याचा कायदा केला. २०१८ चा नियम त्याच कायद्याखाली आहे.

तुम्ही म्हणाल, मुंबई कुठे आणि बाभुळगाव कुठे! पण नकाशा पाहा. नाल्यात टाकलेला कप पावसात बेंबळा नदीत जातो. बेंबळा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. कप काही कुजत नाही. त्याचे फक्त बारीक तुकडे होतात.

कागदी कप चालतो का?

दंडानंतर बाबांनी कागदी कप आणले. वाटले, सुटलो! पण गुरुजींनी वर्गात एक कप फाडून रात्रभर पाण्यात भिजवला. सकाळी कागदाचा लगदा झाला आणि आतून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा निघाला. असा थर दिलेले कपही राज्य सरकारने जुलै २०२२ मध्ये बंदीत घातले आहेत. मी घरी येऊन सांगितले, तेव्हा बाबा आधी माझ्यावरच रागावले. मग त्यांनी स्वतः कप भिजवून पाहिला.

मग काय करावे?

आता टपरीवर काचेचे ग्लास आहेत. धुण्याची मेहनत वाढली. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, म्हणून दोन बादल्या ठेवल्या. एकीत घासायचे, दुसरीत विसळायचे. विसळलेले पाणी पुढे घासायला वापरायचे.

माझी आजी म्हणते, "आमच्या वक्ताले लग्नात पयसाच्या पत्रावया राहत. जेवलं का उकिरड्यावर टाकल्या, खत व्हाये." पळस आपल्या रानात आजही आहे. कापूसही आपल्याच शिवारात पिकतो, आणि पिशवी मात्र प्लास्टिकची! हे बरे दिसते का?

पालकांना एक विनंती आहे. तुम्ही टपरीवर येता आणि म्हणता, "चार चहा बांधून दे." बाबांनी नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. हो म्हटले तर दंडाची भीती. म्हणून येताना घरून किटली आणा. दंड दुकानदाराला होतो, पण नियम पाळणे गिऱ्हाइकाच्याही हातात आहे.

करून पाहा : कागदी कप फाडून रात्रभर पाण्यात भिजवा. काय निघते ते वहीत लिहा.

सांगा पाहू :
१) बेंबळेतला कप कोणकोणत्या नद्यांतून समुद्रात जाईल?
२) तुमच्या घरच्या मागच्या कार्यक्रमात पत्रावळी कशाच्या होत्या?

– इयत्ता पाचवीचा एक विद्यार्थी