सर्व्हरचं फर्मवेअर अपडेट होत नाही? आधी दोघांची लिपी जुळते का बघा



कंपन्यांनी बदललेले जुने सर्व्हर देणगी म्हणून शाळांकडे येतात. पुण्यातल्या आमच्या शाळेतही असा एक आहे. त्यात ई-लर्निंगचे धडे आहेत, पण आमच्यासाठी खरी मोलाची गोष्ट म्हणजे मुलांच्या वाचनाची रेकॉर्डिंग. जूनमध्ये अक्षर लावत वाचणारं मूल मार्चमध्ये गोष्ट कशी वाचतं, ते आम्ही पालकसभेत ऐकवतो. हाच सर्व्हर मागच्या वर्षी मधूनच स्वतःहून बंद-चालू व्हायला लागला. हा दोष नव्या फर्मवेअरमध्ये दुरुस्त केलाय, असं उत्पादकाच्या माहितीपत्रकात सापडलं. म्हणजे अपडेट करणं आलं. त्यात आमच्या दोन दुपारी गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर सांगते.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच राहणारा प्रोग्रॅम. विंडोज सुरू व्हायच्या आधी तो जागा होतो. सर्व्हरमध्ये याशिवाय एक देखरेखीची चिप असते. तिला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि बऱ्याचदा केबलची वेगळी खाचही. सर्व्हर बंद असला तरी वीज असेपर्यंत ती चालू राहते. अपडेटच्या फाइली नेटवर्कवरच्या एखाद्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि या चिपला म्हणायचं, जा, तिथून घेऊन ये. पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, आयआयटीएममध्ये २०१८ साली प्रत्यूष आला. अशा महासंगणकात किती यंत्रं जोडलेली असतात! प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावत कोण फिरणार? आमचा सर्व्हर एकच, पण फाइली सात होत्या, म्हणून आम्हीही हाच मार्ग धरला.

सुरुवात करण्यापूर्वी रेकॉर्डिंगची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती उघडून ऐका. नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका.

आता आमचं काय झालं ते. माझ्या लॅपटॉपवर फोल्डर शेअर केला, चिपच्या पानावर पत्ता, नाव, पासवर्ड भरला. उत्तर आलं, ‘फोल्डर उघडता येत नाही.’ एवढंच! हा संदेश म्हणजे ‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या पहिलीतल्या मुलासारखा आहे. भूक लागली, गृहपाठ राहिला की खरंच दुखतंय, ते आपणच शोधायचं.

पहिल्यांदा पिंग करून पाहिलं. उत्तर आलं. पण पिंग लागलं म्हणजे फक्त रस्ता आहे. फाइली ज्या दारातून जातात ते दार, म्हणजे पोर्ट ४४५, उघडं असेलच असं नाही. आमचं बंदच होतं. नव्या केबलला लावल्यावर विंडोजने ते नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं होतं आणि फायरवॉलने शेअरिंग अडवलं होतं. ते ‘प्रायव्हेट’ केलं.

मग पासवर्ड. मी लॅपटॉप चार आकडी पिनने उघडते. नेटवर्कवर तो पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो (आणि तो मला आठवत नव्हता, हेही सांगून टाकते). त्यापेक्षा या कामापुरतं एक वेगळं खातं उघडा, त्याला फक्त फाइल वाचायची परवानगी द्या. पासवर्डमध्ये चित्रविचित्र चिन्हं नकोत, काही जुन्या चिप त्यावर अडखळतात. फोल्डरचं नाव मी हौसेनं मराठीत दिलं होतं. तेही बदललं. इथे मधे जागा न सोडता छोटं इंग्रजी नावच बरं.

तरी तोच संदेश. तेव्हा एका सरांच्या लॅपटॉपवरून तेच नाव, तोच पासवर्ड टाकून फोल्डर उघडून पाहिला. लगेच उघडला! म्हणजे आमची बाजू बरोबर, सर्व्हरच बिघडलाय, असं ठरवून आम्ही पहिली दुपार संपवली. इथेच आम्ही चुकलो.

हिंजवडीत काम करणाऱ्या एका पालकांना संध्याकाळी फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मॅडम, दुसरा लॅपटॉप पण नवाच ना?” नवाच होता. आजोबांच्या पेटीतला मोडीतला कागद आठवा. डोळे चांगले, उजेड भरपूर, तरी आपल्याला वाचता येत नाही. दोन्ही लॅपटॉप बाळबोध लिहिणारे, त्यांचं एकमेकांशी जमणारच. सर्व्हरच्या चिपला मात्र फक्त मोडी येत होती. फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. चिपला तिची पहिली आवृत्तीच माहीत, आणि २०१७ च्या अखेरीपासूनच्या विंडोज १० मध्ये नव्याने बसवताना ती आवृत्ती चालू नसते. लिनक्सवर सांबा वापरत असाल तर २०१९ च्या ४.११ पासून तिथेही ती मुळात बंद.

मग ती चालू करून टाकू की, असं मीही म्हटलं. नको. ती बंद का केली ते बघा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर पसरला. जूनमध्ये नॉटपेट्याने तेच भगदाड वापरलं आणि मर्स्क कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. ज्या नेटवर्कवर मुलांची माहिती आहे, तिथे हे दार उघडायचं नाही.

आम्ही दुसरा रस्ता घेतला. चिपचं स्वतःचं फर्मवेअर तिच्या पानावरून थेट ब्राउझरने चढवता येतं. एक मधली आवृत्ती आधी चढवली, कारण एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी घेऊ नका असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. चिपला नवी लिपी आली, आणि तोच फोल्डर, तेच खातं पहिल्या झटक्यात चाललं. तुमच्या चिपला एनएफएस येत असेल तर लिनक्सवरून तोही मार्ग आहे.

अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र कायमचं मुकं होऊ शकतं. म्हणून गुरुवार टाळा, का ते पुणेकरांना सांगायला नको. यूपीएस भरलेला ठेवा. मधेच पंखे विमानासारखे घोंघावतील आणि पान गायब होईल. चिप पुन्हा सुरू होत असते, घाबरून बटण दाबू नका. आमच्या शिपाईकाकांचा हात स्विचपर्यंत गेला होता!

पाऊण तासात सातही फाइली चढल्या. शेअरिंग बंद केलं, ते खातं काढून टाकलं, आणि दुसरीच्या वर्गाचं जूनचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. काका ऐकत दारातच उभे राहिले, त्यांची नात त्याच वर्गात आहे.