घुग्घुसच्या उन्हाळ्यात तेल आणि शिरका जपण्याची कृती

तेलाच्या पिशवीवर छापलेलं असतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा.’ मे महिन्यातल्या घुग्घुसात अशी जागा शोधून सापडत नाही, ती तयार करावी लागते. चंद्रपूर भागात पारा ४६-४७ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखालचं स्वयंपाकघर रात्रीसुद्धा निवत नाही. आणि खाणींच्या गावात ओटा कितीही पुसला, तरी कोळशाच्या धुळीचा काळा थर पुन्हा बसतोच.

तेल खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. उष्णता आणि उजेड हे काम झपाट्याने करतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की खवटण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे २५ अंशांत चार महिने नीट राहणारं तेल ४५ अंशांत महिन्याभरातच बिघडू शकतं. आपल्याकडे ठेच्यावर आणि भाकरीवर जवसाचं तेल कच्चंच घेतात, गोळाभातावर फोडणीचं तेल वरून ओततात. अशा जेवणात खवटपणा मसाल्याखाली लपत नाही. म्हणून ही मेहनत.

लागणारं सामान

- अर्ध्या आणि एक लिटरच्या काचेच्या बाटल्या, घट्ट झाकणाच्या (गडद रंगाच्या मिळाल्या तर उत्तम)
- स्टीलचं नरसाळं आणि स्वच्छ सुती कापड
- खाकी कागद, चिकटपट्टी, पेन
- भिंतीवरचा साधा तापमापक
- मातीचं पसरट कुंडं आणि वाळू

कृती

१. आधी खप मोजा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ किलोच्या पिप्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल असतं. महिन्याचा खप तीन लिटर असेल, तर पिपा साडेपाच महिने पुरतो. मार्चमध्ये फोडलेला पिपा अख्खा उन्हाळा अंगावर घेऊन ऑगस्टपर्यंत चालतो. म्हणून मोठी खरेदी दिवाळीनंतर करा. मार्च ते जून या काळात एका वेळी महिन्यापुरतंच तेल आणा.

२. जागा ठरवा. तापमापक दोन दिवस घरभर फिरवा आणि दुपारी तीनला आकडा लिहून ठेवा. माळा आणि गॅसवरचं कपाट सगळ्यात तापतात, नेमकं तिथेच आपण तेल ठेवतो. उत्तरेच्या भिंतीलगत, जमिनीजवळ, आतल्या खोलीतल्या बंद कपाटाचा खालचा कप्पा बहुतेक घरांत सगळ्यात थंड निघतो. कूलरच्या झोतात बाटल्या ठेवू नका, तिथली हवा दमट असते.

३. भांडं निवडा. काच, चिनी माती आणि स्टील चालतं. तांबं, लोखंड आणि कल्हई उडालेलं पितळ नको, कारण या धातूंचा अंशसुद्धा तेलाला लवकर खवट करतो. बाजारातून आणलेला रिकामा पिपा पुन्हा तेलासाठी वापरू नका. एकदा वापरलेल्या टिनच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकायला कायद्यानेही मनाई आहे.

४. बाटल्या कोरड्या ठणठणीत करा. गरम पाणी आणि साबणाने धुवा, उलट्या निथळवा, मग कापडाने तोंड झाकून उन्हात ठेवा, नाहीतर धूळ आत जाते. पाण्याचा थेंब राहिला, तर तेल आतूनच बिघडायला लागतं.

५. घाणीचं तेल निवळू द्या. तेलघाणीतून आणलेल्या तेलात पेंडीचा बारीक चोथा असतो. दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, वरचं निवळ तेल कापडातून गाळून घ्या. तळाचा गाळ साठवू नका, तो भाजीच्या फोडणीत त्याच दिवशी संपवा.

६. गळ्यापर्यंत भरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा. पिपा फोडला की त्याच दिवशी सगळं तेल छोट्या बाटल्यांत भरा, वर बोटभरच जागा सोडा. एका वेळी एकच बाटली उघडी ठेवा. प्रत्येक बाटलीवर तेलाचं नाव आणि भरल्याची तारीख लिहा, आणि पारदर्शक बाटली खाकी कागदात गुंडाळा.

७. जुन्यात नवं ओतू नका. तळाला उरलेलं जुनं तेल नव्या तेलात विरजणासारखं काम करतं. बाटली संपली की धुवा, वाळवा, मगच भरा.

८. तेलाच्या जातीप्रमाणे वागा.

*जवस:* सगळ्यात नाजूक. यातलं निम्म्याहून अधिक तेल ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धाम्लाचं असतं. ते गुणकारी, पण ऑक्सिजनशी पटकन जुळणारं. अर्धा लिटरच आणा, फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कोपऱ्यात ठेवा आणि सहा आठवड्यांत संपवा. पावसाळ्यात फ्रिजबाहेर काढलेल्या गार बाटलीत दमट हवेचं पाणी साचतं, म्हणून हवं तेवढं ओतून लगेच झाकण लावा आणि आत ठेवा.

*करडई आणि सोयाबीन:* मधल्या दर्जाची. उन्हाळ्यात उघडलेली बाटली महिन्याभरात संपवा.

*शेंगदाणा आणि तीळ:* जास्त टिकाऊ. तिळात स्वतःचीच संरक्षक द्रव्यं असतात. थंड कप्प्यात दोन महिने सहज राहतात. डिसेंबरच्या थंडीत शेंगदाण्याचं तेल गढूळ झालं, तर ते बिघडलेलं नसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की निवळतं.

*मोहाच्या बियांचं तेल:* थंडीत लोण्यासारखं थिजतं. त्यासाठी रुंद तोंडाची बरणी घ्या आणि कोरडा चमचा वापरा.

९. नवतप्यासाठी वाळूचं कुंडं. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर कुंड्यात वाळू भरा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा आणि घट्ट झाकणाच्या बाटल्या गळ्यापर्यंत त्यात रोवा. कुंडं सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने तेलही गार राहतं. झाकणावर ओलं फडकं टाकू नका.

१०. तळणीचं तेल वेगळं ठेवा. निवल्यावर कापडातून गाळा, वेगळ्या बाटलीत भरा, आठवड्याच्या आत फोडणीत संपवा. ताज्या तेलात मिसळू नका. पुन्हापुन्हा तापवून तेलात तयार होणाऱ्या घातक संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, तर ते तेल वापरण्यावर १ जुलै २०१८ पासून देशभर बंदी आहे. घरी ते मोजता येत नाही. फेस येऊ लागला, रंग गडद झाला, तेल चिकट झालं, की टाकून द्या.

११. लसणाचं तेल साठवू नका. तेलात बुडवलेला कच्चा लसूण किंवा ओली मिरची बाहेर ठेवली, की हवा नसलेल्या जागेत बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्याला वासही येत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये अशाच लसूण-तेलामुळे ३६ जण आजारी पडले होते. असं तेल लागेल तेवढंच करा, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

शिरका

शिरक्याचं गणित वेगळं. त्यातलं आम्ल हेच त्याचं राखण आहे. बाजारच्या शिरक्यात ते किमान ३.७५ टक्के असावं लागतं, त्यामुळे न उघडलेली बाटली वर्षानुवर्षं टिकते. काचेची बाटली आणि प्लास्टिकचं झाकण वापरा. लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियमला शिरका खातो. बाटली गॅसपासून लांब, सावलीत ठेवा.

जून-जुलैत जांभळाचा शिरका घरी केला असेल, तर आंबणं पूर्ण झाल्यावर गाळा, स्टीलच्या भांड्यात उकळी न आणता चांगला गरम करा आणि काठोकाठ भरून झाकण लावा. हवा राहिली तर ज्या जिवाणूंनी आम्ल केलं तेच ते खाऊन टाकतात आणि शिरका पाणचट होतो. आत तरंगणारी जेलीसारखी साय निरुपद्रवी असते, गाळून घ्या. वर केसाळ बुरशी आली तर सगळा टाका. घरच्या शिरक्यातलं आम्ल मोजलेलं नसतं, म्हणून तो कांद्यावर, कोशिंबिरीत घ्या. वर्षभराच्या लोणच्याची भिस्त त्यावर ठेवू नका.

खवट तेल कसं ओळखावं

तळहातावर दोन थेंब घ्या, दोन्ही हात जोरात चोळा आणि वास घ्या. ताज्या तेलाला दाण्याचा, तिळाचा वास येतो. खवट तेलाला मेणाच्या खडूचा किंवा जुन्या रंगाचा. जवसाच्या बाटलीच्या काठावर चिकट पापुद्रा धरला असेल, तर तो पुसून काढा. रंगकामात जवस तेल वापरतात ते याच वाळण्याच्या गुणामुळे.

खवट जवस तेल फावड्याच्या, कुऱ्हाडीच्या लाकडी दांड्याला चोळायला उत्तम. मात्र त्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं लगेच साबणाने धुवा किंवा दोरीवर सुटं पसरून वाळवा. बाकीचं खवट तेल मोरीत न ओतता भुशात किंवा रद्दीत जिरवून कचऱ्यात द्या.

मृगाचा पहिला पाऊस पडला की हवा दमट होते आणि वाळूचं कुंडं गार करेनासं होतं. त्या दिवशी बाटल्या बाहेर काढा, पुसून कोरड्या करा, एकेक हुंगून बघा. उन्हाळा सोसूनही ज्यांचा वास ताजा आहे त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊ द्या, आणि सगळ्यात जुन्या तारखेची बाटली आजच ओट्यावर घ्या.