घराचा सेटबॅक आणि झोनिंग बोर्ड

आपल्या मंडळातील बरीच कुटुंबे आता जुने घर घेऊन, ते पाडून, त्याच जागेवर मनासारखे नवे घर बांधू लागली आहेत. न्यू जर्सीत आम्हीही याच वाटेने गेलो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण टाउनशिपकडे अर्ज करण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे नियम बारकाईने वाचावे लागले. त्यातले उपयोगी ते इथे देत आहे.

सेटबॅक म्हणजे काय?

पुण्या-मुंबईकडे आपण ज्याला साइड मार्जिन म्हणतो, तोच हा प्रकार. घर रस्त्यापासून, शेजाऱ्याच्या हद्दीपासून आणि मागच्या हद्दीपासून किती फूट आत असावे, हे प्रत्येक टाउनशिप आपल्या झोनिंगच्या नियमांत ठरवते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला बहुतेक ठिकाणी दोन ‘पुढच्या बाजू’ धरतात, हे घर घेताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आमची जागा कोपऱ्यावरची, ६० फूट रुंद आणि १०० फूट खोल. दोन्ही रस्त्यांपासून ३० फूट आणि शेजाऱ्याकडून १० फूट जागा सोडायची. म्हणजे ६० मधून ४० गेले आणि घराला रुंदी उरली अवघी २० फूट! आम्ही बाजूच्या रस्त्याकडे ३० ऐवजी २० फुटांचा सेटबॅक मागितला. अशा सवलतीला ‘व्हेरियन्स’ म्हणतात. ती झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट देते.

अडचण जागेची हवी, माणसाची नव्हे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. आम्हाला तळमजल्यावर एक बेडरूम हवी होती, कारण वडिलांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. बोर्डापुढे हेच सांगावे असे कोणालाही वाटेल. पण कायद्याच्या दृष्टीने ते कारण नव्हे. व्हेरियन्स जागेला मिळतो आणि मालक बदलला तरी तो जागेबरोबर राहतो. म्हणून अडचणही जागेचीच असावी लागते.

१९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये अशा व्हेरियन्ससाठी दोन मार्ग आहेत. पहिला, ‘सी-१’: जागा अरुंद, उथळ वा वेड्यावाकड्या आकाराची आहे, तिला विशेष चढउतार आहे, किंवा तिच्यावर आधीपासून कायदेशीरपणे उभे असलेले बांधकाम आड येते, आणि त्यामुळे नियम पाळणे अवाजवी जाचक ठरते. जागा पूर्ण निरुपयोगी होते असे सिद्ध करावे लागत नाही, हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ च्या लँग खटल्यात स्पष्ट केले. दुसरा, ‘सी-२’: नियमातून सूट दिल्याने होणारा फायदा तोट्यापेक्षा बराच जास्त आहे. मात्र हा फायदा वस्तीचा हवा, केवळ मालकाचा नव्हे. दोन्ही मार्गांत, सार्वजनिक हिताला आणि झोनिंगच्या योजनेला मोठी बाधा येत नाही, हे दाखवावेच लागते.

ही अडचण मालकाने स्वतः निर्माण केलेली नसावी. आधीच्या मालकाने बाजूचा तुकडा विकून जागा अरुंद केली असेल, तर तो दोष नव्या मालकाकडेही येतो. म्हणून जागा घेण्यापूर्वी जुने डीड जरूर तपासा. जागा नियमापेक्षा लहान असेल, तर शेजाऱ्याकडून जमीन विकत घेण्याचा प्रयत्न केला का, असेही विचारतात. त्याचा पत्रव्यवहार जपून ठेवा.

आमच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. जुने घर त्याच रस्त्यापासून १८ फुटांवर होते, म्हणजे नवे घर त्याहून दोन फूट आतच जाणार होते. पण एक लक्षात ठेवा: जुने घर पूर्ण पाडले की त्याला मिळणारे कायद्याचे संरक्षण संपते. मंजुरी हातात येईपर्यंत पाडापाडी करू नका.

अर्ज आणि सुनावणी

२०० फुटांच्या आतील सर्व मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी सर्टिफाइड मेलने किंवा हस्ते नोटीस द्यावी लागते आणि ती जाहीररीत्याही प्रसिद्ध करावी लागते. मालकांची यादी टाउनशिपकडून मिळते. नोटीस चुकली तर बोर्डाला सुनावणी घेण्याचा अधिकारच राहत नाही, म्हणून यादीतील प्रत्येक नाव पावतीशी ताडून पाहावे.

नोटीस जाण्यापूर्वी आम्ही स्वतः नकाशे घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. एका आजींना कोपऱ्यावर वळताना गाड्या दिसणार नाहीत अशी धास्ती होती. आम्ही कोपऱ्यावर झुडपे आणि कुंपण न घालण्याची तयारी दाखवली. पुढे बोर्डाने तीच अट घालून मंजुरी दिली.

सुनावणीत साक्ष शपथेवर होते. व्यक्तीला स्वतःचा अर्ज स्वतः मांडता येतो, मात्र जागा कंपनीच्या नावावर असेल तर वकील लागतोच. सर्व्हे, शेजारच्या घरांची रस्त्यापासूनची अंतरे आणि फोटो बरोबर ठेवावेत. शक्य असल्यास लायसन्स असलेल्या प्लॅनरची साक्ष द्यावी.

वेळ आणि पैसा

अर्ज पूर्ण आहे की नाही हे ठरवायला ४५ दिवस, निर्णयाला १२० दिवस आणि लेखी ठरावाला आणखी ४५ दिवस अशा मुदती आहेत. निर्णय प्रसिद्ध झाल्यावर ४५ दिवसांत कोणीही कोर्टात जाऊ शकतो. बेरीज २५५ दिवस, म्हणजे सुमारे साडेआठ महिने! या काळातही मॉर्गेज आणि टॅक्स भरावेच लागतात. अर्जाच्या फीखेरीज एस्क्रोमध्ये पैसे ठेवावे लागतात, कारण बोर्डाच्या इंजिनिअर व प्लॅनरचे बिल अर्जदारानेच भरायचे असते.

म्हणून जागा घेतानाच ‘व्हेरियन्स मिळाला तरच खरेदी’ अशी अट करारात वकिलाकडून घालून घ्यावी. बांधकामाचे कर्ज आणि काँट्रॅक्टरची तारीख ४५ दिवसांची ती शेवटची मुदत संपल्यावर ठरवावी. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या गावचे नियम पाहूनच पाऊल टाकावे.