नागमोडी रेघ मारण्याची हिंमत

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांचे बायोडेटा पाहताना हल्ली एक शब्द हमखास दिसतो: ‘एक्सपर्ट’. पायथॉनमध्ये एक्सपर्ट, मशीन लर्निंगमध्ये एक्सपर्ट. वय वीस. मुलांना मी दोष देत नाही. शेजारच्या मुलाने लिहिलं, मग आपला मागे पडेल, ही भीती घरातूनच येते.

अशा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मी पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जायला सांगतो. तिथे हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा कोणताही खंड उघडावा. काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसेल. इथला पाठ आम्हाला पुरेसा खात्रीचा वाटत नाही, असा तिचा अर्थ. काम 1919 मध्ये सुरू झालं, 1966 मध्ये पुरं झालं. 1259 हस्तलिखितं तपासली गेली. एवढ्या अभ्यासानंतरही संपादक आपली शंका छापून मोकळे झाले. म्हणूनच जिथे रेघ नाही, तिथे जगभरचे अभ्यासक त्यांच्यावर विसंबतात.

या कामाचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर. ‘मुलगा आता शाखा बदलायचं म्हणतोय, वर्षं वाया जाणार’ म्हणून झोप उडालेल्या पालकांनी त्यांचा प्रवास जरूर पाहावा. ते केंब्रिजला गणित शिकले. मग बर्लिनला जाऊन संस्कृतचे विद्यार्थी झाले. परतल्यावर पुरातत्त्व खात्यात काम केलं आणि 1925 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, महाभारताची जबाबदारी घेतली. हस्तलिखितांचे वंशवृक्ष, म्हणजे कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली ते, मांडताना त्यांची जी काटेकोर शिस्त दिसते, तिच्यात मला तरी गणिताचा वाटा दिसतो.

संस्थेची कामाची रीतही शिकण्यासारखी होती. ना. बा. उटगीकरांनी संपादित केलेलं विराटपर्व 1923 मध्ये आधी कच्च्या स्वरूपात छापून विद्वानांकडे पाठवलं गेलं, त्यांचे अभिप्राय मागवले गेले. पुढे सुकथनकरांचं आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळमधून आदिपर्वाचं, आधी वापरलेल्यांहून जुनं हस्तलिखित हाती आलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापील पाठ त्याच्याशी ताडून पाहिला आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या हस्तलिखिताने त्यांच्या बऱ्याचशा निर्णयांना दुजोराच दिला. टीकाकारांना उत्तर देतानाही ते कधी कचरले नाहीत. मात्र ते उत्तर पुराव्यानिशी असे. मुलांनो, नम्र असणं म्हणजे गप्प बसणं, असा समज करून घेऊ नका. जे पक्कं माहीत आहे ते ठामपणे सांगा.

आणि जे माहीत नाही तेही कबूल करा; मुलाखतीतही हेच उपयोगी पडतं. ‘एक्सपर्ट’ लिहिलंत की प्रश्न एक्सपर्टच्या तोडीचा येतो आणि दुसऱ्याच उपप्रश्नाला घाम फुटतो. त्याऐवजी ‘पायथॉनमध्ये दोन छोटे प्रोजेक्ट केले, डेटाबेसचा सराव अजून कमी आहे’ असं लिहा. मग बोलणं तुमच्या प्रोजेक्टवर येतं, म्हणजे तुम्ही स्वतः केलेल्या कामावर. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधाल तेही सांगा. नव्या माणसाला कामावर घेताना तो शिकेल का, हे जाणता मुलाखतकार पाहतोच.

पालकांना एक विनंती. लग्नकार्यात, सोसायटीत मुलाची ओळख ‘एआयमधला एक्सपर्ट’ अशी करून देऊ नका. एकदा चारचौघांत ती पदवी मिळाली की त्याला साधी शंका विचारायचीही लाज वाटू लागते, आणि शिकणं तिथेच अडतं. या सुट्टीत आणखी एका सर्टिफिकेटचे पैसे भरण्याआधी त्याला एक काम स्वतःच्या हाताने करू द्या, अर्धं झालं की एखाद्या कडक जाणकाराला दाखवायला पाठवा, आणि तो लाल शेऱ्यांनी भरलेला कागद घेऊन परतला तर त्याच्यावर रागावू नका.